प्रश्न वाचकांचे : पशुशरीररचनाशास्त्र शिकवण्याची वाट

पशुवैद्यकीय पदवीच्या प्रवेशासंबंधी आलेल्या पत्रांना गेल्या अंकात उत्तरे देताना या शाखेतील अध्यापनाचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. पशुशरीररचनाशास्त्र, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडची अ‍ॅनाटॉमी, शिकवणे आणि त्यात संशोधन करणे याला कितपत भवितव्य आहे, असे ती विचारतात. माझी सारी नोकरी याच विषयात झाल्यामुळे संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी यंदा पशुवैद्यकीय पदवीधर झाली. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तिला शल्यचिकित्सा हवी होती, पण गुणानुक्रमाने पशुशरीररचनाशास्त्र मिळाले. नातेवाईक म्हणतात, "जनावरांची डॉक्टर होऊन आता मेलेल्या जनावरांची हाडे मोजत बसणार का?" तिने वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यावी, की मिळाले ते घ्यावे? — एक पालक, माढा, जि. सोलापूर

उत्तर : आपल्या नातेवाइकांच्या बोलण्यात टोमणा असला तरी त्यामागची वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी शल्यचिकित्सा, औषधवैद्यक आणि प्रजननशास्त्र या विषयांच्या जागा आधी भरतात आणि अ‍ॅनाटॉमी अनेकांच्या वाट्याला उरलेली जागा म्हणून येते. मी शिकवत असताना माझ्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांपैकी थोडेच हा विषय पहिल्या पसंतीने निवडून आले होते. मात्र नाइलाजाने आलेल्यांपैकी काहींना पहिल्या सहा महिन्यांतच त्याची गोडी लागलेली मी पाहिली आहे, तशीच दोन्ही वर्षे दिवस मोजत काढणारी मुलेही पाहिली आहेत. म्हणून मुलीला एकच गोष्ट विचारावी. पहिल्या वर्षी विच्छेदन कक्षात असताना, परीक्षेचा धाक बाजूला ठेवला तर, एखादी नस तिच्या मुळापासून टोकापर्यंत मोकळी करून पाहण्यात तिला आनंद वाटत होता का? उत्तर होकारार्थी असेल तर वर्ष वाया घालवण्याचे कारण नाही. ते काम तिला मनापासून नकोसे वाटत असेल तर केवळ जागा मिळाली म्हणून तिने हा विषय घेऊ नये, कारण पुढची तीस वर्षे मुख्यतः हेच काम करायचे असते.

आपल्या मनातली दुसरी भीती अशी दिसते की या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली की "डॉक्टरकी" सुटली. तसे होत नाही. राज्य पशुवैद्यक परिषदेकडची तिची नोंदणी कायम राहते, ती व्यवसाय करू शकते, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या पशुधन विकास अधिकारी पदासाठी तिची मूळ पदवीच ग्राह्य असते. अ‍ॅनाटॉमीत पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यात रुजू झालेले अनेक जण राज्यभर आहेत, आणि शस्त्रक्रियेत त्यांचा हात इतरांपेक्षा कमी चालतो असे मला कधी दिसले नाही.

नोकरीच्या बाबतीत मात्र तिने डोळे उघडे ठेवावेत. प्रत्येक पशुवैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग असावाच लागतो आणि भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या नियमांप्रमाणे त्यात शिकवणारी व्यक्ती पशुवैद्यकीय पदवीधर असावी लागते. त्यामुळे विषय बंद पडण्याची भीती नाही. परंतु आपल्या राज्यात अशी महाविद्यालये मोजकीच आहेत. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेले सर्वांत जुने, त्यानंतर नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला अशी त्यांची वाढ झाली, आणि २००० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली ती एकत्र आली. एका विभागात शिक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. जागा रिकामी होणे आणि तिची जाहिरात निघणे या दोन घटनांमध्ये कधी कधी फार काळ जातो. या मधल्या काळात कंत्राटी अध्यापन, दुसऱ्या राज्यातील महाविद्यालय किंवा लोकसेवा आयोगाची परीक्षा यांपैकी काहीतरी हाताशी असलेले बरे.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे आणि मला याच विषयात प्राध्यापक व्हायचे आहे. नेमके टप्पे, परीक्षा आणि वेतन यांची माहिती द्यावी. — एक विद्यार्थी, उदगीर

उत्तर : नीटमधून प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला एक वर्षाच्या आंतरवासितेसह (इंटर्नशिपसह) पदवीसाठी साडेपाच वर्षे लागतात. त्यानंतर पदव्युत्तर पदवीला दोन आणि आचार्य पदवीला (पीएच.डी.ला) किमान तीन वर्षे धरली, तर सारे वेळेवर पार पडले तरी साडेदहा वर्षे होतात. प्रत्यक्षात प्रबंधामुळे हा काळ लांबतो. पदव्युत्तर प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रक्रियेतून मिळतो, तसाच भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेतूनही मिळतो. दुसऱ्या मार्गाने गेल्यास शिष्यवृत्तीची शक्यता असते आणि दुसऱ्या राज्यातील विभाग पाहायला मिळतो, म्हणून शक्य असेल तर मी तोच सुचवीन. एकाच विभागात पदवी, पदव्युत्तर, आचार्य आणि नोकरी असा सारा प्रवास करणाऱ्याला, काम करण्याच्या आणखीही पद्धती असतात, हे उशिरा कळते.

पदव्युत्तर पदवी हातात पडली की कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची नेट ही अध्यापनासाठीची पात्रता परीक्षा आपल्या विषयात देऊन टाकावी. आचार्य पदवी होईपर्यंत ती पुढे ढकलू नये. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते आणि प्राध्यापकपदाच्या वेतनस्तराची सुरुवात १,४४,२०० रुपयांपासून होते. मधल्या पायऱ्या सेवेची वर्षे, प्रशिक्षणे आणि प्रकाशने यांवर ठरतात. कंत्राटी जागेवर यापेक्षा बरेच कमी मिळते, हे गृहीत धरूनच पहिली दोन-तीन वर्षे आखावीत.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. गाईला किती हाडे असतात, हृदयाला किती कप्पे असतात, हे शेकडो वर्षांपूर्वीच ठरून गेले आहे. मग या विषयात आचार्य पदवीसाठी संशोधन तरी कशावर करतात? — एक वाचक, सांगली

उत्तर : हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारत असे, आणि विचारणारा बहुधा शिक्षकच असे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देते.

पशुवैद्यकाचे पहिले विद्यालय फ्रान्समध्ये ल्यों येथे क्लोद बूर्जला यांच्या पुढाकाराने निघाले. त्याला परवानगी १७६१ साली मिळाली. विद्यालय निघण्यामागे गुरांमधील प्लेगसारख्या साथी हे मोठे कारण होते. पण बूर्जला स्वतः अश्वविद्येतले होते, आणि त्या काळच्या सैन्याला व सरदारांना घोड्याचे मोल फार, म्हणून शिक्षण रचले गेले ते घोड्याभोवती. ल्योंहून पॅरिसजवळच्या अल्फोर येथील दुसऱ्या विद्यालयात गेलेले शरीररचनेचे अध्यापक ओनोरे फ्रागोनार यांनी सोलून, नसांमध्ये रंगीत द्रव्य भरून टिकवलेली शरीरे तिथल्या संग्रहालयात आजही पाहायला मिळतात, आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नमुना घोडा आणि स्वाराचाच आहे. पुढे दीडशे वर्षे युरोप आणि अमेरिकेतील ग्रंथांनी घोडा हाच मूळ नमुना मानला आणि गाय, मेंढी, डुक्कर, कुत्रा यांचे वर्णन "घोड्यापेक्षा वेगळे ते एवढे" अशा रीतीने केले. सेप्टिमस सिसन यांचा १९१० साली प्रथम निघालेला ग्रंथ, ज्याला आमची मुले नुसते "सिसन" म्हणतात, तोही याच परंपरेतला आहे.

आता हे आपल्या गोठ्यात आणून पाहावे. घोड्याला छातीचे मणके अठरा, गाईला तेरा. घोड्याला पित्ताशय नाही, गाईला आहे. घोड्याच्या एका जठराच्या जागी गाईला कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट असे चार भाग आहेत. गाईच्या बाबतीत ही दरी एव्हाना भरून निघाली आहे. आपल्या अभ्यासक्रमात गोवर्गीय जनावर हाच मूळ नमुना मानला जातो. म्हशीच्या बाबतीत मात्र पुष्कळ काम आपल्याच देशात व्हावे लागले, कारण ज्या देशांनी ग्रंथ लिहिले त्यांच्या गोठ्यांत म्हशी फारशा नव्हत्या. उदाहरण कासेचे घ्या. म्हशीच्या सडाच्या छिद्राभोवतीचा स्नायू गाईपेक्षा जाड असतो आणि सडाच्या वरच्या पोकळीत साठलेले दूध फार थोडे असते. बहुतेक दूध वरच्या ग्रंथीतच राहते आणि पान्हा सुटल्याशिवाय खाली येत नाही. म्हैस दोहायला हात घट्ट का लागतो आणि गाईसाठी बेतलेले दूधयंत्र तिला जसेच्या तसे का चालत नाही, याचे उत्तर या रचनेत आहे. ते कोणीतरी सडाचे पातळ छेद घेऊन, मोजून दाखवल्यावरच नीट सांगता आले.

शिंगांचेही तसेच. मोठ्या गाय-बैलांत कपाळाच्या हाडातील पोकळी थेट शिंगाच्या गाभ्यात शिरलेली असते. म्हणून बैलाला शिंगाचा कर्करोग झाल्यावर शिंग कापले की ती पोकळी उघडी पडते आणि जखमेची निगा त्या हिशेबाने ठेवावी लागते. कोवळ्या वासरात ही पोकळी अजून शिंगाच्या कोंबापर्यंत पोहोचलेली नसते, म्हणून कोंब पहिल्या काही आठवड्यांतच जाळणे सोपे. शिंग बधिर करण्यासाठी गाईत डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचे मूळ यांच्या साधारण मध्यावर एकच सुई पुरते. शेळीत मात्र शिंगाला दोन वेगळे मज्जातंतू जातात, त्यामुळे दोन ठिकाणी औषध द्यावे लागते. गाईचा नियम शेळीला लावणाऱ्या डॉक्टरच्या हाताखाली ती शेळी ओरडते, आणि दोष औषधाला दिला जातो.

प्रबंधाचे काम प्रत्यक्षात कसे चालते तेही सांगते. एखादा अवयव निवडायचा, समजा म्हशीची मूत्रपिंडाजवळची अधिवृक्क ग्रंथी किंवा शेळीची गर्भनलिका. कत्तलखान्यातून ताजे नमुने मिळवायचे. राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यामुळे हे नमुने आता मुख्यतः म्हैस, शेळी, मेंढी आणि कोंबडी यांचे असतात. तिथे पहाटे पोहोचावे लागते, कारण उशीर झाला की पेशी कुजू लागतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही धड दिसत नाही. नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, त्यातले पाणी काढून, मेणात बसवून मायक्रोटोम या काप घेणाऱ्या यंत्रावर पाच-सहा मायक्रॉन जाडीचे छेद घ्यायचे. ते रंगवायचे, मोजायचे, वयानुसार किंवा ऋतूनुसार गट पाडून आकडेमोड करायची. गर्भाचा अभ्यास असेल तर गर्भाची डोक्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी मोजून त्याचे वय ठरवतात आणि कोणता अवयव कोणत्या टप्प्यावर आकार घेतो ते पाहतात. याच्या जोडीला आता सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन यांमुळे जिवंत जनावराच्या शरीराचे आडवे छेद वाचावे लागतात. ते वाचायला शिकवण्याचे काम अ‍ॅनाटॉमीच्याच शिक्षकाकडे येते.

आपल्या शंकेत थोडे तथ्यही आहे. जात बदलून तोच प्रबंध लिहिण्याची सवय आमच्या क्षेत्राला लागली आहे. एकाने उस्मानाबादी शेळीचे मूत्रपिंड मोजले की दुसरा दुसऱ्या जातीच्या शेळीचे मोजतो, आणि दोघांचेही निष्कर्ष "थोडाफार फरक आढळला" या वाक्यावर थांबतात. त्या फरकाचा कोणाला काय उपयोग, हा प्रश्न विषय निवडतानाच विचारला गेला तर अशा प्रबंधांची संख्या निम्म्यावर येईल. मार्गदर्शकांनी तो विचारला पाहिजे. दोष विद्यार्थ्यांचा कमी आहे.

प्रश्न : माझा मुलगा पहिल्या वर्षात आहे. विच्छेदन कक्षात फॉर्मॅलिनने डोळ्यांना धारा लागतात असे तो सांगतो. हे धोक्याचे आहे का? आणि हेच सारे संगणकावर शिकवता येणार नाही का? — एक माता, नागपूर

उत्तर : फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड वायूचे पाण्यातले द्रावण. बाजारात मिळणाऱ्या द्रावणात त्याचे प्रमाण ३७ ते ४० टक्के असते, आणि शरीर टिकवण्यासाठी ते पाणी घालून बरेच सौम्य करून, साधारणतः मानेतील मोठ्या रोहिणीतून आत सोडतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले आहे, तेव्हा "आम्ही सगळे यातूनच शिकलो" हे उत्तर आता पुरेसे नाही. धोका अर्थातच किती प्रमाणात आणि किती वर्षे संपर्क येतो यावर अवलंबून असतो. एका वर्षाच्या विद्यार्थ्यापेक्षा आयुष्यभर त्या कक्षात वावरणारा शिक्षक आणि टाकीवरचा परिचर यांना तो जास्त आहे. आपल्या मुलाने हातमोजे, डोळ्यांना चिकटून बसणारा चष्मा आणि अ‍ॅप्रन वापरावा. वायू रोखणारा कार्ट्रिजचा मास्क मिळाला तर तोही वापरावा, कारण साध्या कापडी मास्कने वायू अडत नाही. शरीर टाकीतून काढल्यावर पाण्याखाली धुऊन घेण्याचा आग्रह विद्यार्थ्यांनी धरावा. फॉर्मल्डिहाइडचा वायू हवेपेक्षा किंचित जड असल्यामुळे शोषक पंखे फक्त छताजवळ असून भागत नाही, टेबलाच्या उंचीवरूनही हवा ओढली गेली पाहिजे. असे पंखे नसतील तर विभागप्रमुखांना लेखी विनंती करण्यात काहीच गैर नाही. गरोदर शिक्षिका किंवा विद्यार्थिनी असल्यास तिला या कक्षातून आणि स्लाइडसाठी लागणाऱ्या झायलीनपासून दूर ठेवावे.

संगणकाविषयी माझे मत थोडे जुन्या वळणाचे वाटेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची सूचना दिली आणि ती योग्यच होती, कारण प्राणिशास्त्राच्या बहुतेक पदवीधरांना पुढे कोणाचे पोट उघडायचे नसते. पशुवैद्याला उघडायचे असते. गाईने वैरणीबरोबर तार गिळली की ती जाळीपोटात अडकते, आणि तिथून छाती व पोट यांमधला पडदा ओलांडून हृदयापर्यंत जायला तिला फारसे अंतर कापावे लागत नाही. ते अंतर किती कमी आहे हे संगणकावरच्या चित्रात कळते, पण हात घालून पाहिल्यावर जे कळते ते वेगळे. मधला मार्ग प्लास्टिनेशनचा आहे. जर्मनीत हायडेलबर्ग येथे गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ साली काढलेल्या या पद्धतीत अवयवातील पाणी अ‍ॅसिटोनने काढून त्याजागी निर्वात दाबाखाली सिलिकॉनसारखे बहुवारिक (पॉलिमर) भरतात. नमुना कोरडा, बिनवासाचा आणि वर्षानुवर्षे हाताळता येण्याजोगा होतो. असे नमुने, हाडांचे संच आणि संगणकावरची त्रिमित चित्रे यांनी निम्मे शिक्षण व्हावे, आणि उरलेले नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराच्या शरीरावर व्हावे, असे मला वाटते.

प्रश्न : मी मेंढपाळ कुटुंबातला आहे. शिक्षण मराठीतून झाले. पदवीत गुण चांगले आहेत, पण इंग्रजी बोलताना अडखळतो. मला शिकवता येईल का? — एक विद्यार्थी, शिरवळ

उत्तर : येईल. पाठ्यपुस्तके आणि परीक्षा इंग्रजीत असल्या तरी या विषयातील बहुतेक संज्ञा लॅटिन किंवा ग्रीक आहेत आणि त्या सर्वांनाच नव्याने शिकाव्या लागतात. जगभरच्या पशुवैद्यांनी एकच नाव वापरावे म्हणून तयार केलेल्या नामावलीची पहिली आवृत्ती १९६८ साली निघाली. ती जवळ बाळगली की निम्मी धास्ती जाते. व्याख्यानाचे इंग्रजी एका वर्षाच्या सरावाने जमते. विच्छेदनाच्या टेबलाशी मात्र मुले ज्या शिक्षकाकडे पुन्हा पुन्हा वळतात तो भाषेमुळे नव्हे, हातामुळे. शिवाय आपल्याला एक फायदा आहे. मेंढीच्या खुरांच्या बेचक्यात असणारी ग्रंथी शेळीत नसते हे वर्गातील अनेकांना पाठ करावे लागेल, पण ती आपण लहानपणीच पाहिलेली असणार.

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी सहायक प्राध्यापक झाले. पहिल्या वर्षाचे सगळे तास, प्रात्यक्षिके, परीक्षा, त्यात वसतिगृह आणि प्रवेश समितीचे काम. संशोधनाला वेळ मिळत नाही आणि बढतीसाठी शोधनिबंध मागितले जातात. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे रोज ईमेल येतात. काय करावे? — एक शिक्षिका, मराठवाडा

उत्तर : त्या ईमेलना उत्तर देऊ नये. आठवड्यात छापून आलेला निबंध कोणीही तपासलेला नसतो, आणि दहा वर्षांनी निवड समितीसमोर बसल्यावर तोच आपल्या यादीतला सर्वांत अवघड निबंध ठरतो.

वेळेची अडचण खरी आहे आणि ती आपल्या विषयात जास्त आहे, कारण आपला सारा भार पहिल्या वर्षावर पडतो आणि ती मुले नीटच्या तयारीतून नुकतीच बाहेर आलेली असतात. पण त्यातच एक सोयही आहे. आपले साहित्य टिकते. एकदा व्यवस्थित फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले नमुने आणि मेणाचे ठोकळे वर्षभर थांबतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकाला ही मुभा नसते. म्हणून सुटीत, सत्र सुरू होण्यापूर्वी, एका अवयवाचे वेगवेगळ्या वयोगटांतील नमुने एकाच वेळी गोळा करून ठेवावेत आणि पुढे आठवड्यातून एक दुपार त्यांवर काम करावे. प्रत्येक नमुन्याला जनावराचे वय, लिंग, जात आणि तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी. मी अनेक विभागांतील कपाटे पाहिली आहेत, त्यांत ही माहिती नसल्यामुळे निरुपयोगी झालेले बरणीभर अवयव असतात.

दुसरे म्हणजे शल्यचिकित्सा किंवा प्रजननशास्त्राच्या एखाद्या सहकाऱ्याशी जोडी जमवावी. त्यांना रोज अडणारे प्रश्न ठाऊक असतात आणि त्यांची उत्तरे शोधण्याचे साधन आपल्याकडे असते. असे निबंध वाचले जातात. जिवंत जनावरावर काही करायचे असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मान्यता आधी घ्यावी, नंतर मागून ती मिळत नाही आणि चांगली नियतकालिके तिच्यावाचून निबंध स्वीकारत नाहीत. समित्यांच्या कामाविषयी माझा सल्ला फारसा उपयोगी नाही. एक-दोन घ्याव्या लागतातच. विभागातील संग्रहालयाची जबाबदारी मात्र मागून घ्यावी, कारण तो वेळ कागदोपत्री समितीचा असला तरी खरे पाहता आपल्या विषयाचाच असतो.

प्रश्न : या विषयात आचार्य पदवी घेऊन परदेशात शिकवता येते का? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : येते. अमेरिकेत जनावरांवर उपचार करण्यासाठी परदेशी पदवीधराला वेगळी प्रमाणीकरण प्रक्रिया आणि परवाना लागतो, पण अ‍ॅनाटॉमी शिकवण्याच्या जागेसाठी तो साधारणतः अनिवार्य नसतो. तिथे आचार्य पदवी आणि अध्यापनाचा अनुभव पाहिला जातो. कॅरिबियन बेटांतील सेंट किट्स आणि ग्रेनाडा येथेही अमेरिकी अभ्यासक्रमाची पशुवैद्यकीय विद्यालये आहेत. अर्ज करताना आपण किती विद्यार्थ्यांना, कोणत्या जनावरांवर आणि कोणत्या पद्धतीने शिकवले हे नेमके लिहावे. तिकडे कुत्रा, मांजर आणि घोडा यांवर भर असतो. आपल्याकडच्या उमेदवाराचा हात म्हशीवर बसलेला असतो, म्हणून जाण्यापूर्वी कुत्र्याचे संपूर्ण विच्छेदन स्वतः दोनदा तरी केलेले असावे.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. आमच्या गावात विहीर खणताना हाडे निघाली, तेव्हा ती माणसाची की जनावराची यावरून बराच गोंधळ झाला. शिवाय घरात आजोबांच्या काळातले चांदीत मढवलेले एक वाघनख आहे. अशा गोष्टी पशुशरीररचनेचे अध्यापक ओळखून देतात का? — एक वाचक, पेडणे, गोवा

उत्तर : देतात, आणि या कामाविषयी बाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. पोलीस किंवा वन खाते हाडे, खूर, कातडी, नखे घेऊन येते आणि ती कोणत्या प्राण्याची, साधारण किती वयाची, हे अध्यापकाला लेखी द्यावे लागते. प्रसंगी न्यायालयात साक्षही द्यावी लागते. अखंड हाड असेल तर माणूस आणि गुरे यांतील फरक सहज सांगता येतो. गाय आणि म्हैस, किंवा शेळी आणि मेंढी, हे वेगळे करणे मात्र जिकिरीचे असते. त्यांत शिंगाचा गाभा आणि पायाची नळी यांचा आधार घेतात, आणि तुकडाच हाती असेल तर डीएनए तपासणीकडे वळावे लागते. हेच कौशल्य पुरातत्त्वज्ञांनाही लागते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ पासून पुढे झालेल्या उत्खननात सापडलेल्या जनावरांच्या हाडांचा पुण्याच्या डेक्कन कॉलेजने अभ्यास केला, आणि ताम्रपाषाण काळातील ती माणसे कोणती जनावरे पाळत आणि खात होती हे त्यावरून कळले.

आपल्या गावी निघालेली हाडे पुन्हा मिळाली तर ती धुवू नयेत, कोणत्या खोलीवर आणि कशाजवळ होती ते लिहून ठेवावे, छायाचित्र घ्यावे आणि आधी पोलिसांना कळवावे. माणसाची नाहीत असे ठरल्यानंतरच अध्यापकाकडे जाण्याचा प्रश्न येतो.

वाघनखाचे वेगळे आहे. खऱ्या नखाच्या आत बोटाचे शेवटचे हाड असते. गुरांच्या शिंगातून कोरलेल्या नकली नखात ते नसते, त्यामुळे क्ष-किरण चित्रात फरक दिसून येतो. बाजारात आणि जुन्या घरांतही नकली नखे पुष्कळ आढळतात. परंतु आपले नख खरे निघाले तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली ते विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे, आणि ते वारसाने आले एवढ्यावरून सूट मिळत नाही. म्हणून ते तपासणीसाठी महाविद्यालयाकडे टपालाने पाठवू नये. नजीकच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्जासह न्यावे, आणि त्या अर्जाची पोच घ्यावी. तपासणीसाठी ते कोणाकडे पाठवायचे हे वन खातेच ठरवते.